गेट नंबर दोनवरची रात्र

भंगाराची आयशर गेटजवळ येते. खांबावरचा कॅमेरा तिचा नंबर वाचतो, केबिनमधल्या पडद्यावर हिरवी चौकट उमटते आणि बूम बॅरियर आपोआप वर जातो. गाडी यादीतली आहे, पास बनलेला आहे, निघायला काहीच हरकत नाही. पण रात्रपाळीच्या रक्षकांमधले हवालदार रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. ते हात वर करून गाडी थांबवतात.

नंबर ते बघतच नाहीत. टॉर्च घेऊन मागच्या चाकाशी वाकतात आणि मला जवळ बोलावतात. "पाटे बगा, साहेब." चाकाच्या वर एकाखाली एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या चिखलानं माखल्या आहेत. गाडी रिकामी असली की या पाट्यांना चांगला बाक असतो. माल चढला की बाक कमी होतो, आणि पुरती भरली की पाटे जवळपास सरळ होतात. गेटपासवर लिहिलंय, टाकाऊ पुठ्ठा. पुठ्ठ्यानं गाडी शिगोशीग भरली तरी पाटे इतके बसायला नकोत.

"चाचा, नंबर तो पास हो गया ना?" गाडीवाला खिडकीतून डोकं काढून विचारतो. हवालदार त्याला हातानंच थांब म्हणतात. बरोबरचा तरुण रक्षक ताडपत्रीच्या दोऱ्या सोडून वर चढतो. त्याच्या हातात दीड-दोन मीटरची सळई आहे. ती तो पुठ्ठ्यात खुपसतो. नुसता पुठ्ठा असेल तर सळई करकरत आत जाते. मध्ये बंद खोकं असेल तर ती अडते आणि हाताला ठोका लागतो. तो जागा बदलत खुपसत राहतो. कुठंच अडत नाही. शेवटी सळई बाहेर काढतो तर तिचं टोक ओलं आहे. हवालदार पुठ्ठ्याचा एक तुकडा मुठीत दाबतात. बोटांतून पाणी गळतं. दोन दिवस हा ढीग पत्रा उडालेल्या शेडखाली भिजत होता, म्हणून एवढं वजन.

"जावा आता." ताडपत्री पुन्हा आवळली जाते. रजिस्टरमध्ये वेळ, नंबर आणि एक ओळ चढते: पाटे बसलेले, गाडी तपासली, पुठ्ठा ओला, माल नाही.

काहीच सापडलं नाही. रात्रीतल्या बहुतेक तपासण्यांतून काहीच निघत नाही. पण त्या होतात म्हणूनच भंगाराखाली खोकी दडवायला कोणी सहजासहजी धजत नाही. आवारातला वजनकाटा दहाला बंद होतो. चालू असता तरी त्यानं वजन जास्त आहे एवढंच सांगितलं असतं. ते पाण्याचं की साबणाच्या खोक्यांचं, हे सळईशिवाय कळणार नव्हतं.

भिवंडीजवळ माणकोलीच्या बाजूला, मुंबई-नाशिक महामार्गापासून आत शिरलं की गोदामांच्या रांगा सुरू होतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ ही गावं आता गोदामांच्या पत्त्यांतूनच देशाला माहीत आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण मुंबईला खेटून माल ठेवायचा, लागेल तेवढाच आत न्यायचा, या हिशेबातून ही गोदामं इथं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आज ज्या आवारात मी बसलो आहे तिथं सहा मोठे गाळे आहेत. साबण, लहान मुलांचे डायपर, मिक्सर, मोबाईलचे चार्जर, चपला. जुलैचा पाऊस दुपारपासून थांबलेला नाही.

मी इथं आलोय ते एका कोटेशनमुळे. रात्रपाळीला सहा रक्षक आहेत. ते तीन करावेत, वाढीव कॅमेरे लावावेत आणि सगळ्या कॅमेऱ्यांवर दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून नजर ठेवावी, असा प्रस्ताव आवाराच्या मालकांपुढे आहे. दोन गाळ्यांवर ती व्यवस्था चाचणी म्हणून सुरूही झाली आहे. असे प्रस्ताव आता सोसायट्यांपुढे आहेत, शाळांपुढे आहेत, एटीएमवरचे रक्षक तर बहुतेक ठिकाणी कधीच गेले. मला तो प्रस्ताव कागदावर नको, रात्रीत बघायचा आहे.

कंट्रोल रूम म्हणजे गेटला लागून असलेली पोर्टा केबिन. आत दोन मोठे पडदे, त्यांवर बत्तीस खिडक्या, आणि समोर डिप्लोमा झालेला एक पोरगा. आठ ते आठ, बारा तास. मी त्याला मागच्या भिंतीचा कॅमेरा मोठा करून दाखवायला सांगतो. पडद्यावर भिंत दिसत नाही. पांढरे जाड दोर दिसतात, आणि त्यांवर थरथरणारे चकचकीत गोळे.

"कोळी आहे सर. रोज जाळं करतो. रोज झाडूनं काढतो आम्ही."

अंधारात बघता यावं म्हणून कॅमेऱ्याच्या भोवती अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश जवळजवळ दिसत नाही. पण रात्री कॅमेऱ्याभोवती किडे जमतात. किड्यांमागं कोळी येतो. भिंगाच्या अगदी पुढ्यात विणलेलं जाळं त्या उजेडात भगभगतं, त्यावर पावसाचे थेंब हलतात आणि यंत्राला वाटतं, कोणीतरी चालतंय. संध्याकाळपासून या एकाच कॅमेऱ्यानं इतके इशारे दिलेत की पोरानं त्याचा आवाज बंद केला आहे. त्याला मी दोष देणार नाही. पण आता मागच्या भिंतीवर खरंच कोणी चढलं, तरी इथं काही वाजणार नाही.

गेटसमोरच्या मैदानाचा कॅमेरा स्वच्छ आहे. त्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेलची, आणि तो साधारण पंचवीस मीटर रुंद पट्टा बघतो. म्हणजे मीटरला सत्त्याहत्तर पिक्सेल आले. अशा कॅमेऱ्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटायला मीटरमागं २५० पिक्सेल धरले होते. तेवढे हवे असतील तर या कॅमेऱ्यानं साडेसात मीटरच्या आसपासच बघावं. इथं उभा असलेला माणूस शर्टाच्या रंगानं कळेल, चेहऱ्यानं कळणार नाही. कोटेशनमध्ये मेगापिक्सेल ठळक अक्षरांत आहेत. कुठला कॅमेरा किती रुंद जागा बघणार, याचा रकाना नाही. माझ्या मते तोच रकाना सगळ्यात आधी मागावा.

पोरगा दर काही मिनिटांनी डोळे चोळतो. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली एक प्रयोग छापला होता. युद्धात रडारवर बसणाऱ्यांची नजर का चुकते, हा प्रश्न होता. त्यानं माणसांना आकडे नसलेल्या एका घड्याळापुढं बसवलं. काटा एकेक पाऊल टाकायचा आणि क्वचित कधी दोन पावलांची उडी घ्यायचा. ती उडी टिपायची. अर्ध्या तासानंतरच माणसं उड्या हुकवायला लागली. तिथं काटा एक होता आणि बैठक दोन तासांची. इथं खिडक्या बत्तीस आहेत.

"झोप येते का रे?" मी विचारतो.

"झोप नाही येत सर. बघत असतो, पण दिसत नाही असं होतं."

म्हणून यंत्रानं हालचाल टिपावी आणि माणसाला हाक मारावी, ही कल्पना मला पटते. बत्तीस खिडक्यांवर एकाच वेळी न थकता नजर ठेवणं हे यंत्राचंच काम आहे, आणि माणसावर ते लादणं क्रूरपणाचं आहे. कॅमेऱ्यांचा उपयोग होत नाही असंही नाही. चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा आहे. त्यात कॅमेरे असलेल्या जागी गुन्हे सरासरी तेरा टक्क्यांनी कमी दिसले, वाहनतळांवर तर त्याहून बरेच. पण परिणाम दिसला तो मुख्यतः जिथं कोणी प्रत्यक्ष बघत होतं आणि कॅमेऱ्यांच्या जोडीला दुसरेही उपाय होते तिथं.

आणि हाक ऐकून जायचं कोणी? नोव्हेंबर २०१३ मध्ये बेंगळुरूत एका एटीएममध्ये एका महिलेमागोमाग एक माणूस शिरला, त्यानं शटर ओढून घेतलं आणि तिच्यावर कोयत्यानं वार केले. कॅमेऱ्यानं सगळं टिपलं. ते चित्रण देशभर दाखवलं गेलं. तिथं रक्षक नव्हता. आरोपी सापडायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. हल्ल्यानंतर कर्नाटकात पोलिसांनी बँकांना बजावलं, रक्षक ठेवा नाहीतर एटीएम बंद करा. हे मी पोराला सांगतो तेव्हा तो खुर्चीत सरळ होतो आणि म्हणतो, "माझ्याकडं काठी पण नाही सर. मी फक्त फोन लावू शकतो."

बारा वाजून गेल्यावर हवालदार राउंडला निघतात, मी त्यांच्यामागं. भिंतीवर ठरावीक अंतरानं टिकल्या बसवल्या आहेत. हातातलं यंत्र टिकलीला लावलं की बीप होतं आणि कुठल्या वेळी कोण कुठं होतं हे सुपरवायझरच्या मोबाईलवर जातं. "पोरं पळत जाऊन टिकल्या मारत्यात," हवालदार म्हणतात. "पोचला एवढं मशीनला कळतं. बगितलं का, ते न्हाई कळत."

ते स्वतः दोन टिकल्यांच्या मधल्या जागेत रेंगाळतात. प्रत्येक शटरचं कुलूप हातानं ओढतात. बंद खिडकीशी उभे राहून नाक वर करतात, कारण वायर तापल्याचा वास धुराच्या कितीतरी आधी येतो, आणि भिवंडीत गोदामाला आग ही काही नवी गोष्ट नाही. गटारावरच्या जाळीवर पाय देऊन ती हलते का बघतात. चार नंबरच्या गाळ्यामागं तीन कुत्री पत्र्याखाली पडलेली आहेत. हवालदारांनी खिशातून पारले-जी काढायच्या आत ती उठतात. "ही काळी हाय ना, तिला माथाडीतल्या माणसांचा वास पाठ हाय. त्यांच्यावर भुंकत न्हाई. वरडली म्हंजे माणूस परका."

मागच्या भिंतीला लागून नाला आहे. इथं दिवा नाही. जाळ्यानं झाकलेला कॅमेरा आमच्या डोक्यावर आहे आणि आम्ही त्याला दिसत नाही. हवालदार टॉर्च भिंतीच्या वरच्या कडेवर मारत नाहीत, बुंध्याशी मारतात. नवी माती दिसते का, विटा सैल आहेत का. २०१७ च्या नोव्हेंबरात जुईनगरला चोरांनी बँकेच्या शेजारचा गाळा भाड्यानं घेतला, दुकान थाटलं, आतून बोगदा खणला आणि लॉकर फोडले. सोमवारी बँक उघडल्यावर प्रकार कळला. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते एक साधं दुकान होतं.

हवालदार सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे. फौजेत सेवा झाली, मग इथं. त्यांच्या गावात जागल्याचं काम रामोश्यांच्या घराण्याकडं होतं, असं ते सांगतात. "चोरी झाली की जागल्यानं माग काढायचा. शिवंपर्यंत माग दावला, की पुढं त्या गावच्या जागल्याची जबाबदारी. न्हाई दावला तर भरून द्यायचं." ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन यानं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली अहवाल लिहिला, त्यातही ही रीत नोंदलेली आहे. मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. जागल्यावर भरपाईची जबाबदारी होती, पण गावच्या उत्पन्नात त्याचा हक्कही होता, आणि परक्याला अडवून 'कोण?' म्हणून विचारण्याचा मान होता. आजच्या रक्षकाकडं जबाबदारी तेवढी उरली आहे. खोकं हरवलं की पगारातून कापतात. आणि अडवलेला गाडीवाला, गाडीचा मालक, गोदामाचा मॅनेजर, कोणीही त्याच्यावर खेकसतो.

परत गेटवर येतो तर तरुण रक्षक भिंतीला टेकून उभा आहे. परभणीकडचा, बी.ए. झालेला. घरी तीन एकर, सोयाबीन. केबिनबाहेरची खुर्ची एजन्सीनं काढून नेली, बसलं की झोप लागते म्हणून. मी त्याला प्रशिक्षणाचं विचारतो. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला किमान १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर.

"दोन दिवस झालं सर. युनिफॉर्म येईपर्यंत." युनिफॉर्मचे पैसेही पगारातून गेले.

महाराष्ट्रानं तर १९८१ मध्येच खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. माथाडींसाठी १९६९ ला झाला होता त्याच धर्तीवर, मंडळाकडं नोंदणी, मंडळामार्फत पगार, भविष्य निर्वाह निधी. मंडळाचे रक्षक आजही अनेक ठिकाणी कामाला आहेत. या गेटवर मात्र सगळे एजन्सीचे. बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी कागदावर. मालक म्हणतात, माणसं झोपतात, माणसं फोडली जातात, म्हणून कॅमेरा बरा. झोपतात हे खरं आहे. पण ओळीनं तीस रात्री बारा-बारा तास उभा केलेला कोणीही झोपेल. त्याला माणूस या जातीचा दोष ठरवून यंत्र विकायचं, हे मला मान्य नाही.

माणसं फितूर होतात, हेही खरं. वडाळ्यात ऑगस्ट २०१२ मध्ये एका तरुण वकील महिलेचा खून झाला आणि त्यात तिच्याच इमारतीचा वॉचमन दोषी ठरला. ज्याच्या हाती किल्ल्या आणि वेळापत्रक, त्याची पडताळणी कसून व्हायला हवी. त्यासाठी पैसे आणि वेळ लागतो, आणि दोन दिवसांत भरती केली की नेमकं तेच सुटतं.

हवालदारांना मी उघडच विचारतो, कॅमेरे वाढले तर तुमच्या पोटावर पाय येतो, तुम्हाला काय वाटतं? ते गाळ्यांकडं बोट करतात. "लावा म्हणतो मी. माल चढवायच्या धक्क्यावर तर लावाच."

आणि ते मागच्या वर्षीची गोष्ट सांगतात. चार्जरची काही खोकी कमी भरली. आळ गेटवर आला, सहाही जणांचा पगार अडकला. हवालदारांनी हट्ट धरला, माल उतरला त्या दिवसाचं चित्रण बघा. आठ-नऊ दिवस ऑफिसात कोणाला वेळ नव्हता. शेवटी पोरानं ते काढलं, तर खोकी गाडीतून उतरलीच नव्हती. माल मुळात कमी आला होता आणि चलनावर सही पूर्ण मालाची झाली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर पुरावा संपला असता. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला जवळजवळ २२ जीबी होतात. बत्तीस कॅमेऱ्यांचे सातशेच्या आसपास. इथली ८ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहायला लागते. बँकांच्या लॉकरसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये १८० दिवसांचं चित्रण जपायचा नियम केला. गोदामवाल्यानं निदान एका हिशेबतपासणीपासून दुसऱ्यापर्यंतचं तरी जपावं.

ते चित्रण पोरानं पेनड्राइव्हवर घेतलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं असतं तर तेवढ्यानं भागलं नसतं. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीतला खोतकर-गोरंट्याल वाद अशाच चित्रणावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांवरून ठरवायचं होतं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, मूळ यंत्र हजर केलं नाही तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. कॅमेरे विकणारे हे सांगत नाहीत, आणि घेणारेही विचारत नाहीत.

तीनच्या सुमाराला तीन नंबरच्या गाळ्यातून माणसाचा आवाज येतो. "आप निगरानी में हैं! तुरंत बाहर निकलिए!" बंद शटरच्या आतून, माणूस नसलेल्या गोदामात, लाउडस्पीकर ओरडतोय. मागोमाग केबिनमधला फोन वाजतो. दूरच्या केंद्रातली मुलगी सांगते, तीन नंबरमध्ये हालचाल दिसतेय, चित्र स्पष्ट नाही, कृपया तपासा.

हवालदार धावतात. कुत्री गप्प आहेत. ते हे लक्षात घेतात आणि वेग कमी करतात. शटरचं कुलूप जागच्या जागी, कागदी सीलही शाबूत. कान लावतात. मीही लावतो. आत पाण्याची धार पडतेय.

किल्ली मॅनेजरकडं असते. मॅनेजर फोन उचलत नाही. सुपरवायझर उचलतो आणि म्हणतो, "उघडू नका. सकाळी बघू." हवालदार क्षणभर उभे राहतात. रात्री सील तोडून गोदाम उघडलं आणि उद्या एक खोकं कमी भरलं, तर चोर कोण ठरणार हे त्यांना पक्कं माहीत आहे. गेटवर काचेच्या पेटीत आगीसाठी ठेवलेली जादा किल्ली आहे. ते तरुण रक्षकाला ती आणायला पाठवतात आणि वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला सांगतात, "तीन नंबर उघडतोय. आमच्यावर कॅमेरा धर. शटर वर गेल्यापासनं खाली येईपर्यंत आमी चौकटीत पायजे. टाइम लिही." मग केंद्रातल्या मुलीलाही तेच सांगायला लावतात.

शटर वर जातं. छपराचा एक पत्रा वाऱ्यानं उचकटलाय. पाणी सरळ डायपरच्या थप्पीवर कोसळतंय आणि खोक्यांना गुंडाळलेला प्लास्टिकचा पापुद्रा फडफडतोय. यंत्रानं टिपली ती ही फडफड. डायपरची खोकी पाणी पिऊन फुगली आहेत. तळातलं एक खोकं फुटून बाहेर आलंय आणि सगळी थप्पी एका अंगाला कलली आहे. सकाळपर्यंत ती शेजारच्या मिक्सरच्या खोक्यांवर आडवी झाली असती, आणि तीही भिजली असती.

पुढचा पाऊण तास मी बघ्या राहू शकत नाही, हात लावतो. हँड पॅलेटनं मिक्सरची खोकी सुक्या जागी ओढायची, थप्पी वरून उतरवायची, ताडपत्री ताणून पाणी दाराकडं वळवायचं. विजेच्या पेटीचा मुख्य खटका हवालदारांनी सगळ्यात आधी पाडला आहे. पाण्याजवळ वायर आहे, हे कॅमेऱ्याच्या चित्रात नव्हतं. केंद्रातली मुलगी फोनवर आहे आणि दर थोड्या वेळानं विचारते, "सगळे ठीक आहात ना?" तिची ती चौकशी मला आवडते. तिनं हाक मारली नसती तर पुढच्या राउंडपर्यंत कोणाला कळलं नसतं. आणि हाकेनंतर जाणारं कोणी नसतं, तर चोर नाही अशी नोंद करून तिनं इशारा बंद केला असता.

आठला मॅनेजर येतात. आधी सील तोडल्याबद्दल आवाज चढवतात, मग ओल्या थप्प्या बघून गप्प होतात, मग पोराकडून चित्रण मागवतात आणि शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत सगळं बघतात. त्यांच्या बॅगेत ते कोटेशन आहे. "तुम्ही रात्रभर होतात," ते मला म्हणतात. "सांगा, तीन माणसं कमी केली तर काय बिघडतं?"

मी सांगतो. रात्री गाळा उघडताना गेटवर कोण होतं, हे आधी बघा. तीनच असते तर दोघांनी दोन गेटं सांभाळली असती, एकटे हवालदार आत गेले असते, आणि एकट्यानं शटर उघडायला त्यांनी नकारच दिला असता. तो नकार बरोबर ठरला असता. कॅमेरे घ्या, धक्क्यावर घ्या, मागच्या भिंतीवर आधी दिवा लावा, डिस्क मोठी घ्या. दूरची देखरेखही ठेवा. पण सहा माणसं तशीच राहू द्या, त्यांची पाळी आठ तासांची करा, आणि हवालदारांना लेखी द्या की माल किंवा माणूस धोक्यात असेल तर रात्री उघडायचा निर्णय त्यांचा.

"आठ तासांच्या पाळीला माणसं दीडपट लागतील," मॅनेजर म्हणतात.

"लागतील," मी म्हणतो.

एवढ्यात दिवसपाळीतला एक जण आलाच नाही असं कळतं. सुपरवायझरचा फोन येतो, परभणीच्या पोराला डबल ड्युटी करायला सांगा. हवालदार रजिस्टर ओढतात आणि उभ्यानंच लिहितात: गेट २, रिलीव्हर हजर नाही, रात्रपाळीच्या रक्षकाला पुढं ड्युटी दिलेली नाही. ते पान ते मॅनेजरसमोर सहीसाठी धरतात.

"एका दिवसानं काय होतंय?" मॅनेजर विचारतात.

"रातभर उभा हाय त्यो. दुपारी ट्रेलर मागं घेताना शिट्टी कोण मारनार? हाच. डोळा लागला तर मानूस चाकाखाली जाईल."

मॅनेजर सही करतात. मग एजन्सीला फोन लावतात आणि सांगतात, माणूस येईपर्यंत गेट दोन बंद राहील, सगळ्या गाड्या गेट एकवर वळवतोय, आणि खोळंब्याचे पैसे तुमच्या बिलातून जातील. पलीकडून काहीतरी समजावणं चालू आहे. मॅनेजर ऐकून घेतात आणि म्हणतात, "कॅमेरे चालू आहेत हो. मला माणूस पाठवा."